सोवळ्यातली खाज

हे लिहायला बसण्याआधी मी दोनदा उठून दाराची कडी नीट लागली आहे ना ते पाहिलं. या वयातही. टायफॉइड झालेला माणूस गावभर सांगत फिरतो, मूळव्याध झालेला निदान व्याह्याजवळ तरी कण्हतो, पण जांघेत खाज सुटलेला माणूस कुणाजवळ काय बोलणार? मी बोललो नाही. त्यापायी माझा नवा संसार मोडायच्या बेतात आला होता. एखादा तरुण माणूस आज माझ्यासारखाच भिंतीकडे तोंड करून उभा असेल, तर त्याच्यासाठी हे लिहितो आहे.

उष्णता

माझं लग्न माघात झालं. बऱ्हाणपुरात मराठी शाळेत मी मास्तर होतो आणि शनवारा मोहल्ल्यात आमचं घर. घरात आई आणि अण्णा. अण्णा रेल्वेत तारबाबू होते, बरीच वर्षं चांदनी स्टेशनवर काढून निवृत्त झालेले. बायको सुमन रावेरची. रावेर म्हणजे गाडीत बसून पाय लांब करावे तोवर येणारं गाव, पण राज्य पहिल्यापासून वेगळं, आणि छप्पन साली नवा मध्यप्रदेश झाल्यावर ते आणखीच परकं वाटायला लागलं. शाळेत रोज नवी आवई उठायची. मराठीचे वर्ग बंद होणार, कुणाची बदली रीव्याला होणार, कुणाची भिंडला. चार जुन्या राज्यांच्या नोकरांची एकच यादी करायची होती आणि त्या यादीत आपण कुठे पडणार हे कुणालाच ठाऊक नव्हतं. जो तो अस्वस्थ होता. मीही होतो, पण माझं कारण धोतराच्या आत होतं.

लग्नानंतर अण्णांनी देवपूजा माझ्याकडे सोपवली. "गुडघे धरतात रे आता, तूच कर," म्हणाले. म्हणजे रोज सकाळी विहिरीवर आंघोळ करायची, अंग धड न पुसता ओलेत्यानेच आत यायचं, काठीनं उंच दांडीवरचा मुकटा काढायचा आणि तो नेसून देवापुढे बसायचं. मुकटा म्हणजे आमचं सोवळ्याचं रेशमी वस्त्र. अण्णांचा होता, गर्द तांबडा. सणावाराला, एकादशीला अजूनही ते स्वतः तो नेसत, एरवी मी.

फाल्गुन सरता सरता डाव्या जांघेत एक गोल चट्टा उठला. कडेला लाल, मधे जरा फिका. आठवडाभरात तो उजवीकडे पोचला. आईला मी फक्त "अंगाला खाज येते" एवढंच सांगितलं. आईचं निदान तयारच होतं.

"उष्णता झालीय. बऱ्हाणपूरचा उन्हाळा आहे, काय गंमत आहे? गुलकंद खा, सब्जा पी."

गुलकंद गोड लागला. खाज होती तिथेच राहिली, उलट रोज थोडी जागा वाढवून घ्यायला लागली.

मास्तर आणि टेबल

ज्याला ही खाज झाली नाही त्याला ती काय असते हे सांगता येत नाही. दुखणं माणसाला झोपवतं, खाज माणसाला बसू देत नाही. मी वर्गात फळ्याकडे तोंड करून जास्त वेळ उभा राहायला लागलो. टेबलाचा कोपरा मला सोयीचा झाला. इतिहास शिकवताना मी त्या कोपऱ्याला असा काही चिकटून उभा राहायचो की मुलांना वाटलं मास्तरांना इतिहासाचा फार उमाळा येतो.

त्यात नवे हेडमास्तर आले, ते म्हणाले की धोतर आता जुनं झालं, मास्तरांनी पँट घालावी. बऱ्हाणपुरात, चैत्रात, जाड कापडाची पँट! दुपारच्या सुट्टीत मी शाळेमागच्या आंब्याआड जाऊन यायचो. खाजवताना जो स्वर्ग वाटायचा तो दोन मिनिटांत विझायचा आणि मग कातडी पेटायची. नखांचा राग यायचा, स्वतःचा यायचा, समोर हसणाऱ्या माणसाचा उगाच यायचा. सोबतचे मास्तर बदल्यांचं बोलत असायचे आणि मी मनात म्हणायचो, करा रे बाबांनो बदली, भिंडला करा, फक्त तिथे थंडी असू दे.

संध्याकाळी राजघाटावर जाऊन तापीत कमरेएवढ्या पाण्यात उभं राहायचं, हे माझं एकच सुख होतं. ओळखीचे लोक म्हणायचे, मास्तर मोठे श्रद्धाळू झाले. पाण्यातून बाहेर आलो की ओल्या धोतरात घरापर्यंत चालायचं आणि रात्री दुप्पट भोगायचं.

विंचू

शेवटी बाजारातून एक मलम आणलं. विकणाऱ्यानं सांगितलं होतं, "लगाओ और भूल जाओ." मी न्हाणीत जाऊन ते चांगलं थापलं. भूल कसली, मला माझं नावसुद्धा आठवेना. निखारा ठेवल्यासारखं झालं आणि मी ओरडत अंगणात आलो. आई धावली, सुमन धावली, शेजारच्या बायका धावल्या.

"काय झालं रे?"

काहीतरी सांगणं भाग होतं. "विंचू! विंचू चावला!"

"कुठे?"

"पायाला."

मग माझ्या अंगठ्यावर चुना लावला, कांदा चोळला, मंत्र घालणाऱ्या एका म्हातारबाबांना बोलावलं. त्यांनी अंगठ्याला दोरी बांधून विष उतरवलं आणि अर्ध्या तासानं मी शांत झाल्यावर सगळे त्यांच्या पाया पडले. न्हाणीतला प्रत्येक दगड उलटून विंचू शोधला गेला. सुमन मात्र माझ्या अंगठ्याकडे बघत होती. त्यावर डंखाची खूण नव्हती आणि ते तिनं पाहिलं होतं, हे मी पाहिलं.

तिच्याशी माझं वागणं तोवर फार वाईट झालं होतं. उन्हाळ्यात आम्ही सगळे गच्चीवर झोपायचो, नव्या जोडप्याला एक कोपरा आडोसा लावून दिलेला. मी माझं अंथरूण उचलून अण्णांच्या बाजूला नेलं. तिनं विचारलं तर म्हणालो, "तिकडे वारा येतो." वारा सगळ्या गच्चीला सारखाच होता. तिला कळू नये, तिला लागू नये आणि तिला किळस येऊ नये, या तीन भीतींत मी तिच्याकडे बघणंच सोडलं. तीही हळूहळू माझ्याकडे पाठ करून कपडे आवरायला लागली, लवकर उठून सगळ्यांआधी न्हायला लागली. मला वाटलं, रागावली.

आखाजी आली. खानदेशात आखाजीला लेक माहेरी जाते, झोके खेळते. तिचा थोरला भाऊ न्यायला आला. तो बाहेर गाडीची चौकशी करत होता तेव्हा सुमन मला म्हणाली, "माझं काही चुकलं असंल तर सांगा ना. मी काही लहान नाही."

"तुझं काही नाही," मी म्हणालो. "मला उष्णता झालीय."

ती ट्रंक भावाच्या हातात देऊन निघून गेली.

दाद

तिच्या जाण्यानं मला लाज सोडायची हिंमत आली. सरकारी दवाखान्यात गेलो. रांगेत उभा राहिलो तर कंपाउंडर खिडकीतून मोठ्यानं ओरडला, "बुखारवाले इधर, खुजलीवाले उधर!" बुखारवाल्यांची रांग अंगणापर्यंत होती. खुजलीवाल्यांत मी, एक केळीवाला आणि एक म्हातारी. शनवाऱ्यातला निम्मा बाजार बुखारात होता आणि सगळे आमच्याकडे बघत होते.

डॉक्टर ग्वाल्हेरकडचे. पूर्वी तिकडच्या संस्थानाच्या फौजेत होते, विलीनीकरणानंतर फिरत फिरत आमच्याकडे आलेले. पडद्याआड मी पँटचा पट्टा धरून उभाच राहिलो.

"मास्टरजी, आप बताएँगे या मैं अंदाज़ लगाऊँ?"

दाखवलं. त्यांनी एक नजर टाकली आणि हात धुवायला वळले. "दाद है. शर्माइए मत, हमारी आधी पलटन को थी. रियासत चली गई, पलटन चली गई, दाद नहीं गई."

मी इतका हसलो की डोळ्यांत पाणी आलं. मराठीत आपण दाद मागतो, दाद देतो. त्या वर्षी सगळं गाव सरकारकडे कशाची ना कशाची दाद मागत होतं आणि मला तेवढी ती न मागता मिळाली होती. आपल्याकडे त्याला गजकर्ण म्हणतात. नाव कळलं तरी केवढा भार उतरतो! मी रात्रंदिवस त्याहून कितीतरी वाईट नावं मनात घेऊन हिंडत होतो.

डॉक्टरांनी पांढरं मलम दिलं. अंग कोरडं ठेवा, कपडे उकळून कडक उन्हात वाळवा, चट्टा गेला तरी मलम थांबवू नका, दुसऱ्याचा पंचा वापरू नका. जाताना म्हणाले, "अंग्रेज़ लोग इसको धोबी की खाज बोलते थे."

हे शेवटचं वाक्य मी घरी सांगायला नको होतं. आईनं तेवढंच धरलं.

"बघ! मी म्हणतच होते. दगडूनं कुणाकुणाच्या कपड्यांत आपले कपडे मिसळले असतील."

दगडू आमचा पिढीजात धोबी. दुसऱ्या दिवशी त्याला दारातूनच परत लावलं. तो मला शाळेच्या वाटेवर भेटला. "काय भो मास्तर, आमचं काय चुकलं? सांगा तं खरं. मायबाई काही बोलत नाही." मी पुटपुटलो, सध्या कपडे घरीच धुऊन राहिलोय. तेव्हापासून आई घरातलं प्रत्येक सुती कापड बंबाच्या पाण्यात उकळायची. धोतरं, पंचे, चादरी, उशीचे अभ्रे, काही सोडलं नाही.

मलमानं गुण आला. चट्टे सुकले, कातडी निवली. उन्हाळ्याच्या सुट्टीतल्या जादा वर्गात मी टेबलापासून दूर उभा राहून शिकवलं तर एका मुलानं विचारलं, "मास्तर, आज बरं नाही का?" मी ठरवलं की कातडी अगदी कोरी झाली की रावेरला जायचं आणि सुमनला घेऊन यायचं. सांगायचं काहीच नाही. गेलेल्या आजाराचं काय सांगायचं?

आणि ज्येष्ठात तो परत आला. त्याच जागी, तसाच गोल.

मेहुणा

त्याच आठवड्यात सुमनचा भाऊ शाळेत मला भेटायला आला. घरी आला नाही, यावरूनच मी ओळखलं. आंब्याखाली उभं राहून तो म्हणाला, "जावईबापू, वाईट मानू नका. तुम्हाला दवाखान्यात कोणीतरी पाहिलं. लोक म्हणून राहिले की तुम्हाला गुप्तरोग आहे. खरं असंल तं आम्ही बहीण पाठवणार नाही. नसंल तं येऊन तसं सांगा."

"सुमन काय म्हणते?"

"तेच तं समजत नाही. ती काही बोलत नाही. मी म्हटलं, चल, पोचवून देतो, तं नुसती नाही म्हणते. कारण विचारलं तं रडते."

भावानं अडवलं असतं तर मी भांडलो असतो. पण तिनंच नाही म्हटलं होतं. मी त्याला "येतो" म्हणालो आणि गेलो नाही. कसा जाणार? चट्टे घेऊन तिच्यासमोर उभं राहायचं आणि गुप्तरोग नाही म्हणून शपथ घ्यायची? कोण विश्वास ठेवणार? त्या दिवसांत मी घरातल्या घरात चालत असायचो. न्हाणीपासून ओसरी, ओसरीपासून न्हाणी. आई म्हणायची, बस रे जरा. मला बसता यायचं नाही, आता नुसती खाज हे त्याचं कारण नव्हतं. संसार सुरू व्हायच्या आत हातातून जात होता आणि मी मलम चोळत होतो.

अण्णा

एका दुपारी आई शेजारी गेली होती. अण्णा ओसरीवर पेपर वाचत होते. तोंडासमोरचा पेपर खाली न घेता म्हणाले, "तुझं ते औषध... उरलंय का थोडं?"

"कुठलं?"

"पांढरं."

मला वाटलं, हाताबिताला काही लागलं असेल. "कुठे लावायचंय अण्णा?"

पेपर जरा हलला. "जिथे तू लावतोस तिथे."

किती वर्षांपासून, असं मी विचारलं. चांदनी स्टेशनापासून, म्हणाले. बदल्या झाल्या, निवृत्त झाले, ती सोबत राहिली. हिवाळ्यात दबते, उन्हाळ्यात उठते. "मी उष्णताच समजत होतो. पूजेला मांडी घालून बसलं की फार पेटायची, म्हणून तुझ्याकडे दिली पूजा. गुडघ्यांचं खोटं होतं."

आम्ही दोघं एकमेकांकडे न बघता बसलो. आमचे पंचे वेगळे, धोतरं वेगळी आणि सगळी उकळलेली. मग दोघांत सारखं काय होतं? मी म्हणालो, "पूजा..." आणि आम्ही दोघांनी एकदमच वर दांडीकडे पाहिलं.

मुकटा. घरातलं झाडून सगळं कापड बंबात गेलं होतं, एक तोच गेला नव्हता. रेशीम मुळातच शुद्ध, त्याला कशाला उकळायचं? सणासुदीला गार पाण्यात रिठ्यानं खळबळायचा, रंग जाऊ नये म्हणून सावलीत वाळवायचा आणि परत वर. बाप उतरवायचा, लेक ओल्या अंगानं नेसायचा. आणि आम्ही बिचाऱ्या दगडूला दारातून परत लावलं होतं.

अण्णा उठले, काठी न घेता हातानंच मुकटा ओढून काढला आणि बंबाकडे निघाले. तेवढ्यात आई आली.

"अहो, हे काय! रेशीम कधी ओवळं होतं का?"

"ओवळं नाही झालं," अण्णा म्हणाले, "आजारी झालंय."

पातेल्यातलं पाणी तांबडं होत गेलं. मुकटा आकसून चिंधीसारखा झाला, पुन्हा नेसण्याच्या लायकीचा उरला नाही. आई डोळ्याला पदर लावून बघत होती. तिला अजून कळलं नव्हतं की यात अण्णांचा काय संबंध.

अण्णांनी मला अंगणाच्या कोपऱ्यात घेतलं. "रावेरला आजच जा. बरं व्हायची वाट बघू नकोस. मी इतकी वर्षं वेगळा झोपतो, तुझ्या आईला वाटतं मी तिच्यावर कशावरून तरी रुसलोय. एकदा तिनं विचारलं होतं, तेव्हा सांगितलं नाही. मग तिनं विचारणंच सोडलं."

मी वडिलांना कधी मिठी मारली नव्हती. त्या दिवशीही मारली नाही, पण त्यांच्या पाया पडलो तेव्हा उठवेना.

रावेर

त्याच संध्याकाळच्या गाडीनं गेलो. सासऱ्यांनी पाणी विचारलं, बसा म्हणाले नाहीत. मेहुणा ओसरीवर दाराशी उभा राहिला. मी म्हणालो, मला सुमनशी दोन शब्द बोलायचे आहेत. माजघराचं दार अर्धं लोटून घेतलं.

ती वाळली होती. मी उभ्यानंच सगळं सांगून टाकलं. जांघेत गजकर्ण झालंय, फाल्गुनापासून आहे, गुप्तरोग नाही, विंचूही नव्हता, गच्चीवर वाराबिरा काही नव्हता. अजून बरं झालेलं नाही. तुला लागेल म्हणून लांब राहिलो आणि तुला किळस येईल म्हणून सांगितलं नाही. तू यायचं नाही म्हणालीस तर मला समजेल, पण मला तू हवी आहेस.

सुमन खाली बसली आणि तोंड झाकून रडायला लागली. मला वाटलं, संपलं.

"मला वाटलं, तुम्ही पाह्यलं," ती म्हणाली.

"काय पाहिलं?"

तिनं दाराकडे बघितलं, माझ्याकडे पाठ केली, पदर बाजूला घेतला आणि परकराची नाडी जरा खाली सरकवली. कमरेला, नाडीच्या खालून, दोन मोठे गोल चट्टे होते. कडेला लाल, मधे फिके.

"तुम्ही अंथरूण उचललं ना, मला वाटलं हे पाहून किळस आली तुम्हाला. म्हणून मी लवकर न्हायची, पाठ करून लुगडं नेसायची. इथं आईलाही नाही सांगितलं. परत आले असते तं तुम्हालाही लागलं असतं, म्हणून नाही म्हणत होते."

मी तिच्याशेजारी जमिनीवर बसलो. ती डोळे पुसत माझ्या हातांकडे बघत होती. गाडीत बसल्यापासून मी मुठी आवळूनच होतो.

"खाजवा ना," ती म्हणाली. "कवाचे धरून बसले."

"डॉक्टर नको म्हणाले आहेत."

"मग मी खाजवते माझं. तुम्ही बघू नका."

मी पाठ फिरवली. तीही फिरली. मागून तिच्या नखांचा आवाज आला, आणि मग मलाही राहवलं नाही. आधी कोण हसलं ते आता आठवत नाही. ती हसत होती आणि तिचे हुंदके थांबत नव्हते.

बाहेर मेहुण्यानं दारावर थाप मारली. "सुमन, काय चाललंय? काय ठरलं तुमचं?"

सुमननं नाक पुसलं, पदर सावरला.

"दादा," ती आतूनच म्हणाली, "माझी ट्रंक काढ."